मोफत सुया, तपासणी, ओएसटी: मुंबईत कागद कुठे लागतो आणि कुठे उगाच मागतात

सुईने नशा करणाऱ्या माणसाला मुंबईत बरंच काही मोफत मिळतं: नव्या सुया-सिरिंज, स्पिरिटचे बोळे, निरोध, गळवाचं ड्रेसिंग, एचआयव्हीची तपासणी, गर्दऐवजी दिल्या जाणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या (ओएसटी), एआरटी म्हणजे एचआयव्हीवरची औषधं. यातल्या बहुतेक गोष्टींना एकही कागद लागत नाही. तरीही 'आधी आधार काढतो, मग जातो' म्हणत माणसं महिनेच्या महिने घालवतात, कारण कुठल्या तरी दारावर कुणी तरी, बहुधा सिक्युरिटीवाल्यानेच, त्यांना आधार विचारलेलं असतं.

हे काम मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेमार्फत चालतं. तिचं कार्यालय वडाळ्याला अ‍ॅकवर्थ संकुलात आहे, पण तिथे खेटे घालायची गरज नाही. प्रत्यक्ष वाटप स्वयंसेवी संस्थांच्या प्रकल्पांकडून होतं, त्यांना सगळे 'टीआय' म्हणतात. आपल्या भागात कोणता टीआय आहे ते १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा.

सुया आणि निरोध टीआयचे कार्यकर्ते वस्तीत, पुलाखाली, स्टेशनाबाहेर येऊन देतात. नोंद सांकेतिक क्रमांकावर होते, आधार लागत नाही. 'जुनी सुई आणली तरच नवी' ही अट नाही. तरी वापरलेली सुई परत द्याच, कारण ती कचऱ्यात टाकली की सफाई कामगाराच्या हातात घुसते. पोलिसांची भीती खोटी नाही. पण एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ (लागू १० सप्टेंबर २०१८) याच्या कलम २२ नुसार, सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालणारा असा सुयावाटपाचा कार्यक्रम गुन्हा ठरत नाही. रस्त्यावरच्या हवालदाराला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून टीआयने कार्ड दिलं असेल तर ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवा. एक मात्र नीट समजून घ्या: हे संरक्षण सुईला आहे, नशेच्या पुडीला नाही.

खरी अडवणूक ओएसटीला होते. ओएसटी म्हणजे गर्दच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी. ती जिभेखाली ठेवायची आणि पूर्ण विरघळेपर्यंत कर्मचाऱ्यासमोर बसायचं. पात्रता साधी आहे: वय १८ पूर्ण, अफूजन्य नशेचं व्यसन, सुई घेण्याचा इतिहास आणि लेखी संमती. टीआयची चिठ्ठी आणि सोबत त्यांचा माणूस असला की अर्धं काम तिथेच होतं.

सगळ्यात जास्त लोक परत पाठवले जातात ते 'सुई घेण्याचा इतिहास' या अटीवर. मुंबईत पन्नीवर, म्हणजे चांदीच्या कागदावर गर्द तापवून त्याचा धूर ओढणारे खूप, आणि एड्स नियंत्रणाची ओएसटी मुळात सुईवाल्यांसाठी आहे. नुसती पन्नी ओढणाऱ्याला तिथे 'बसत नाही' एवढंच ऐकवतात, पुढचा रस्ता कुणी सांगत नाही. तो रस्ता असा: केईएम, नायर, सायन यांसारख्या पालिका रुग्णालयांची मनोविकार ओपीडी, किंवा नशामुक्तीचा मोफत क्रमांक १४४४६. पात्र ठरावं म्हणून सुई धरू नका. ही सूचना द्यावी लागते, यातच सगळं आलं.

दुसरी अडचण पहिल्या डोसच्या दिवशी येते. माणूस सकाळी गर्द घेऊन, बरं वाटत असताना केंद्रावर जातो आणि डॉक्टर गोळी देत नाहीत. त्याला वाटतं, हाकललं. खरं कारण वेगळं आहे. ही गोळी मेंदूतल्या त्याच जागा पकडते आणि गर्दला तिथून ढकलून देते, पण तिचा स्वतःचा जोर तेवढा नसतो. म्हणून अंगात गर्द असताना ती घेतली तर टर्की (नशा न मिळाल्याने होणारा त्रास) थांबायच्या ऐवजी एकदम अंगावर येते. शेवटच्या नशेनंतर साधारण ८ ते १२ तासांनी, नाक गळायला आणि जांभया यायला लागल्यावर जा. दारू पिऊन गेलात तर त्या दिवसाचा डोस मिळणार नाही, तिथे वाद घालू नका: दारू आणि ही गोळी मिळून श्वास मंदावतो.

आणखी एक नेहमीचा घोळ नावाचा. टीआयकडे 'राजू', इस्पितळात आधारवरचं पूर्ण नाव, मग चिठ्ठी जुळत नाही. पहिल्या दिवसापासून सगळीकडे एकच नाव आणि वय सांगा.

एचआयव्ही तपासणी आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, मोफत होते. तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि अहवाल गुप्त राहतो. पॉझिटिव्ह आल्यास एआरटी लगेच सुरू होते. 'सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) कमी झाल्यावर ये' हा नियम २०१७ मध्येच गेला, कुणी अजून तसं सांगत असेल तर १०९७ वर तक्रार करा. एआरटी केंद्रावर ओळख आणि पत्ता विचारतात, आणि फुटपाथवर राहणाऱ्याकडे पत्त्याचा पुरावा कुठून असणार? असलेला कागदही पावसात भिजतो किंवा फुटपाथ रिकामा करणाऱ्या कारवाईच्या गाडीत सामानाबरोबर जातो. अशा वेळी टीआय किंवा निवारा चालवणाऱ्या संस्थेचं पत्र न्या. पुरावा नाही म्हणून औषध अडवायचं नसतं, हे खिडकीवर शांतपणे, पण दोनदा सांगा.

७२ तासांची मुदत तर जवळजवळ सगळेच चुकीची वाचतात. दुसऱ्याची सुई टोचली किंवा बलात्कार झाला, तर एचआयव्ही रोखणारी औषधं २८ दिवस घ्यावी लागतात. ७२ तास ही शेवटची हद्द आहे, 'तीन दिवसांत कधीही' असा तिचा अर्थ नाही. पहिला डोस शक्यतो २ तासांच्या आत हवा, उशीर होईल तसा उपयोग घटतो. ओपीडी बंद असेल तर सोमवारची वाट पाहू नका, मोठ्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

गावाला जाणार असाल तर आधी कळवा. एआरटीची हिरवी पुस्तिका सोबत असली तर वाटेतल्या केंद्रावर गोळ्या मिळू शकतात. ओएसटीत काही दिवसांचा खंड पडला तर डोस पुन्हा कमीपासून सुरू होतो. खंडानंतर किंवा तुरुंगातून सुटल्यावर जुन्या मात्रेत नशा घेतली तर जीव जातो, कारण शरीराची सवय उतरलेली असते. ओएसटी केंद्र रविवारीही उघडं असतं, पण वेळ कमी असते. अनंत चतुर्दशीला रस्ते बंद होतात, त्या दिवशीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा.