विहिरीत डिझेल, समुद्राखाली तेल

विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास आला की ‘गावात तेलाचा साठा सापडला’ ही बातमी फिरलीच म्हणून समजा. जमिनीतून निघतं ते कच्चं तेल. डिझेल रिफायनरीत तयार होतं. तेव्हा आधी जवळच्या पंपाची टाकी गळते का ते बघावं. शिवाय देशावर पायाखाली बसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात तेल शिजायला कच्चा मालच नाही.

तो माल म्हणजे प्लवक आणि वनस्पतींचे अवशेष (डायनोसॉर नव्हेत!), ऑक्सिजन न पोचणाऱ्या चिखलात गाडलेले. ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या जहाजाने 1974 मध्ये शोधलेल्या, मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवरच्या मुंबई हाय या समुद्राखालच्या तेलक्षेत्राचं तेल मुख्यतः ‘पन्ना’ या थरातल्या शेलमध्ये, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकात, तयार झालं. दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण 25 ते 30 अंश वाढतं. गाडलेल्या अवशेषांचं आधी केरोजेन हा घट्ट सेंद्रिय पदार्थ होतो आणि 60 ते 120 अंशांच्या दरम्यान त्यातून तेल सुटतं. त्याहून थंड राहिलं तर केरोजेन तसंच पडून राहतं. 150च्या पुढे मुख्यतः वायूच मिळतो.

पण तेल शिजलं म्हणजे साठा झाला असं नाही. खडकातली छिद्रं खाऱ्या पाण्याने भरलेली असतात आणि तेल त्याहून हलकं, म्हणून ते वर सरकत राहतं. मुंबई हायचा भाग म्हणजे उंचवटा. आजूबाजूच्या खोल भागात शिजलेलं तेल चढून तिथल्या चुनखडीत आलं. समुद्र ओसरला तेव्हा ही चुनखडी उघडी पडली होती आणि पावसाच्या पाण्याने तिच्यात पोकळ्या पाडल्या. म्हणून खाली तेलाचं तळं नाही, तेल मुरलेला दगड आहे.

मग ते थांबतं कशाने? वरच्या शेलमुळे. शेलमध्येही छिद्रं असतात, पण ओल्या छिद्रात शिरायला तेलाच्या थेंबाला आकसावं लागतं आणि त्याला दाब लागतो: तेल-पाण्याच्या सीमेवरच्या पृष्ठताणाची दुप्पट भागिले छिद्राची त्रिज्या. यालाच केशिकादाब म्हणतात. वाळूच्या खडकात त्रिज्या 10 मायक्रोमीटर धरली तर 0.05 वातावरण (समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब म्हणजे 1 वातावरण) पुरे. शेलमध्ये 20 नॅनोमीटर धरली तर 25 वातावरण. तेल-पाण्याच्या घनतेतला फरक घनमीटरला 200 किलो धरला, तर 100 मीटर जाडीचं तेल जेमतेम 2 वातावरण जोर लावतं. झाकण टिकतं! शेलला भेग पडली, भ्रंश (खडक सरकून पडलेली फट) उघडा राहिला, की मात्र कोट्यवधी वर्षांची कमाई निसटते. भूकंपलहरींच्या चित्रात घुमट दिसूनही विहीर कोरडी निघते, त्याचं हे एक कारण. हातावर नारळ उभा करून तेल सांगणाऱ्यांनी शेलच्या छिद्राची त्रिज्याही सांगावी.

तेल काढतानाही हाच केशिकादाब आडवा येतो. साठ्यातला दाब टिकवायला समुद्राचं पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन काढून खडकात ढकलतात. ते मोठ्या वाटांनी पुढे धावतं आणि मागे छिद्राछिद्रात तेलाचे तुटके थेंब अडकून राहतात. बऱ्याच क्षेत्रांत निम्म्याहून अधिक तेल असंच खाली राहतं.