चिपवरचा उजेड आणि जनुकांचा हिशोब

‘कर्करोगाच्या पेशीत अमुक जनुक तिप्पट सक्रिय’ अशी बातमी वाचली की आधी विचारावं, तिप्पट कशाच्या तुलनेत? मायक्रोॲरे चिप जनुकाची सक्रियता थेट मोजत नाही, ती उजेड मोजते. जनुक सक्रिय असलं की पेशी त्याची आरएनए नावाची नक्कल काढते. या आरएनएपासून बनवलेल्या, चमकणारा रंग लावलेल्या प्रती चिपवरच्या हजारो ठिपक्यांना (प्रत्येक ठिपका एका जनुकाचा) चिकटतात आणि स्कॅनर त्यांची चमक टिपतो. रंग जास्त चढला किंवा स्कॅनरची संवेदनशीलता वाढवली, तर अख्खी चिपच उजळ दिसते. हाताळणीतून आलेला हा फरक काढून टाकणं म्हणजे नॉर्मलायझेशन.

सर्वात सोपा उपाय म्हणजे सगळ्या चिपांचा मध्यक सारखा करणं. दोन नमुने लाल आणि हिरव्या रंगात एकाच चिपवर तपासले, तर तो अपुरा पडतो, कारण लाल-हिरव्यातली तफावत चमकीनुसार बदलते. तिथे लोएस ही वक्ररेषेची पद्धत वापरतात. पण मला मोह आहे तो क्वांटाइल पद्धतीचा. बोल्स्टॅड, इरिझारी आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये तिची इतर पद्धतींशी तुलना केली आणि ती रूढ झाली.

तीन जनुकं घेऊ. पहिल्या चिपवर क 4, ख 2, ग 9. दुसरीवर क 21, ख 6, ग 10. प्रत्येक चिपचे आकडे चढत्या क्रमाने लावा: 2, 4, 9 आणि 6, 10, 21. समान क्रमांकांची सरासरी काढा: 4, 7, 15. आता प्रत्येक जनुकाला त्याच्या क्रमांकाची सरासरी द्या. क 7 वरून 15 वर जातो, ख दोन्हीकडे 4 राहतो. आणि ग? मूळ आकड्यांत तो जवळपास स्थिर होता, आता 15 वरून 7 वर उतरला! जनुकाचा क्रमांक तेवढा त्याचा स्वतःचा उरला, आकडा सगळ्यांच्या सरासरीतून आला.

हे चालतं, पण एका गृहीतकावर: हजारो जनुकांपैकी बहुतेक बदललेली नाहीत, आणि जी बदलली त्यांत वाढ-घट साधारण समतोल आहे. मिक (MYC) हे पेशींच्या वाढीशी संबंधित जनुक अतिसक्रिय झालं, तर पेशीतला एकूण आरएनएच वाढू शकतो. तेव्हा दोन्ही नमुन्यांतून सारखाच आरएनए घेऊन आकडे समतल केले, की सार्वत्रिक वाढ पुसली जाते आणि काही जनुकं उगाच घटल्यासारखी दिसतात. 2012 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकातल्या एका शोधनिबंधाने हे ठळकपणे दाखवलं. यावर उपाय आहे: पेशी मोजून, त्या प्रमाणात बाहेरचा ज्ञात आरएनए आधीच मिसळायचा आणि त्याच्या चमकीवरून बाकीचे आकडे लावायचे.

‘जनुकांचा आलेख पाहून आजार ओळखतो’ म्हणणाऱ्यांना त्यांचं गृहीतक जरूर विचारा. संगणकातून आला म्हणून आकडा पवित्र होत नाही.

मेंदू आणि यकृत यांसारख्या अगदी वेगळ्या ऊतींवर सरसकट क्वांटाइल लावू नये. त्यांच्या आकड्यांची ठेवणच मुळात वेगळी असू शकते. आणि सगळे रुग्ण एका दिवशी, सगळे निरोगी दुसऱ्या दिवशी तपासले असतील, तर दिवसाचा फरक आणि आजाराचा फरक कोणतीही पद्धत वेगळा करू शकत नाही. तिथे प्रत्येक दिवशी रुग्ण आणि निरोगी अशा दोन्हींचे नमुने ठेवून प्रयोग पुन्हा करावा लागतो.