सिंधू आंबा 'जीएम' नाही

मे महिन्यात दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत हे हमखास ऐकू येतं: "सिंधू नको हो, तो जीएम, म्हणजे जनुक बदललेला आंबा. बाठाच नाही, म्हणजे काहीतरी केलंय."

आधी कापून बघा. बाठा असतो, फक्त चपटा आणि अगदी पातळ. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली 'रत्ना' आणला. त्यात साका, म्हणजे गरातला पांढरट, न पिकलेला भाग, होत नाही. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली सिंधू आला. एकाच्या मोहोरातले पराग दुसऱ्याच्या फुलावर घालायचे, रोप वाढून फळायची वाट बघायची, चांगलं निघालं तर कलमं बांधायची. बस. आपल्या लाडक्या हापूसची झाडंही कलमांचीच की!

जीएम वेगळं. तिथे प्रयोगशाळेत दुसऱ्या जिवाचं जनुक पिकात घालतात. बीटी कापसात मातीतल्या जिवाणूचं जनुक आहे. भारतात व्यापारी तत्त्वावर घेतलं जाणारं जीएम पीक कापूस एवढंच. बीटी वांग्याला २०१० साली स्थगिती मिळाली. तेच वांगं बांगलादेशातले शेतकरी पिकवतात. अमेरिकेतला बहुतेक मका-सोयाबीन जीएम, लोक फारसं विचारत नाहीत. युरोपात मात्र वेष्टनावर तसं छापावं लागतं. म्हणजे भीती पिकापेक्षा सवयीवर जास्त ठरते, असं मला वाटतं. सिंधूला नाकं मुरडणारे आपण सरकीच्या तेलात तळलेलं फरसाण मात्र बिनधास्त खातो, आणि ती सरकी बहुतेक बीटी कापसाचीच असते.