प्राण्यांचं जेश्चर ड्रॉइंग: हा ‘डायनॅमिक शेप’ आला कुठून?

तीस सेकंदांचा टायमर, स्क्रीनवर उडी मारणारं हरीण, हातात स्वस्तातला ब्रश पेन, आणि व्हिडिओतला माणूस सांगतोय की आधी शेप पकडा, आउटलाइन नंतर. हे ज्यांनी केलंय त्यांना ते कसं करायचं हे सांगायची गरज नाही, म्हणून ते सोडून देतो. पण ही पद्धत जणू कायमचीच होती असं लोक धरून चालतात ना, तिथे माझी गाडी अडते. जेश्चर (म्हणजे काही सेकंदांत पोझचा झोक पकडणारं झटपट रेखाटन) वेगळीकडून आलं, शेप वेगळीकडून आला आणि ‘डायनॅमिक’ तर भलतीकडूनच आलं, आणि हे तिघं प्राण्यांच्या बाबतीत एकत्र बसले ते अगदी अलीकडे.

आधी त्या ‘डायनॅमिक’चा गुंता, कारण निम्मे वाद तिथूनच सुरू होतात.

१९२० च्या सुमाराला अमेरिकेत ‘डायनॅमिक सिमेट्री’ नावाचं प्रकरण गाजलं. ते सगळं भूमितीचं. ग्रीक मडकी मोजायची, त्यातून बाजूंचं प्रमाण दोनाचं, तिनाचं, पाचाचं वर्गमूळ येईल असे आयत काढायचे आणि चित्राची रचना त्यावर बसवायची. यात पळणाऱ्या प्राण्याचा काही संबंध नाही. मग १९५८ मध्ये टारझनची कॉमिक स्ट्रिप काढणाऱ्या एका चित्रकाराचं ॲनाटमीवरचं पुस्तक आलं आणि १९७० मध्ये त्याच माणसाचं फिगर ड्रॉइंगचं, दोन्हींच्या नावात डायनॅमिक आहेच. इथे त्याचा अर्थ पीळदार स्नायू, अंगावर येणारी मूठ, सगळी शरीरं उडी मारायच्या बेतात. त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या डिझाइन शिकवणाऱ्या कॉलेजांतून ‘डायनॅमिक स्केचिंग’ आलं, त्यात बेडूक असो नाहीतर मोटरसायकल, आधी खोका आणि सिलिंडर काढायचे, मग त्यांच्यावरून वळसे घेणाऱ्या रेषा फिरवायच्या, म्हणजे वस्तूची गोलाई आणि जाडी कळते. आणि मग आला आपला आजचा अर्थ, ॲनिमेशनवाल्यांचा. त्यांच्याकडे शेप म्हणजे जोर कुठून कुठे चाललाय हे दाखवणारा आकार, ज्याची एक बाजू सरळ असते आणि समोरची फुगीर.

म्हणजे एकच शब्द, आणि चार दुकानांत चार वेगळा माल. आता कोणी विचारलं की ‘डायनॅमिक शेपनी घोडा कसा काढू’, तर एक जण त्याला खोके काढायला लावतो, दुसरा म्हणतो खोके अजिबात नकोत, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. मला स्वतःला हे कळायला दोन वर्षं लागली. तोवर मी घोड्याच्या छातीला खोका, पुठ्ठ्याला (म्हणजे मागच्या भागाला) खोका असं करत राहिलो आणि माझा घोडा कायम टेम्पोत भरलेल्या सामानासारखा दिसायचा.

खोक्यांना माझा विरोध नाही. पण जेश्चरमध्ये शेपचं काम वेगळं आहे, आणि ते बघायला रस्त्यावर बसलेली म्हैस पुरते. तिचा कणा खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत जवळजवळ सरळ असतो आणि पोट खाली सांडल्यासारखं पसरलेलं असतं. वरची रेघ सरळ, खालची फुगीर, झाला शेप, आणि वजन खाली चाललंय हे एकही पाय न काढता कळतं. आता भांडणाऱ्या मांजराकडे बघा, पाठीची कमान वर गेलेली आणि पोटाची रेघ ताणून सरळ झालेली. सरळ आणि फुगीर बाजूंची अदलाबदल झाली, जोराची दिशा उलटली. वर्तुळात हे दाखवता येत नाही, कारण वर्तुळाला दिशाच नसते. छातीला एक गोल, मागे एक गोल, डोक्याला छोटा गोल आणि मग जोडून टाका, ही जी तीन गोलांची रेसिपी शाळेपासून आपल्या मागे लागलेली आहे त्यात उभा घोडा आणि उधळलेला घोडा दोघांचे गोल सारखेच येतात. प्रमाण शिकायला ठीक आहे ती. पण तिला डायनॅमिक म्हणणं मला तरी पटत नाही.

आता हा अर्थ घडला कुठे, तर माझ्या मते (आणि हे मत जरा एकतर्फी आहे) लॉस एंजेलिसमध्ये १९३२ ते १९४२ या दहा वर्षांत. एका कार्टून स्टुडिओनं १९३२ च्या नोव्हेंबरात आपल्याच आवारात संध्याकाळचे ड्रॉइंग क्लास सुरू केले. त्याआधी मालक स्वतः गाडी चालवत काही मुलांना शहरातल्या आर्ट स्कूलच्या संध्याकाळच्या वर्गाला सोडायचा. स्टुडिओतला शिक्षक मॉडेलसमोर ड्रॉइंग करून घ्यायचाच, पण सिनेमाच्या रिळाची एकेक फ्रेम थांबवून हालचालही वाचायला लावायचा. १९३५ च्या डिसेंबरात मालकानं त्या शिक्षकाला एक लांबलचक मेमो लिहिला, ॲनिमेटरला काय काय यायला पाहिजे याचा. त्यातला एक मुद्दा असा की हालचालीला ढकलणारी शक्ती म्हणजे पात्राचा मूड, त्याचा स्वभाव. आज ड्रॉइंग शिकवताना ‘फोर्स’ ‘फोर्स’ (म्हणजे शरीरातला जोर) म्हणून जे चालतं त्याचं बीज मला तरी इथे दिसतं.

त्याच काळातला पिठाच्या गोणीचा सराव बऱ्याच जणांनी केला असेल. अर्धी भरलेली गोणी घ्या, ती आदळू दे, ताणू दे, रुसून बसू दे, पण आतलं पीठ तेवढंच राहिलं पाहिजे. म्हणजे आकार बदलतो, ऐवज नाही. डायनॅमिक शेपचा आजोबा शोधायचाच तर तो ही गोणी आहे, ग्रीक मडकं नव्हे.

गंमत म्हणजे त्याच गोणीनं पुढे स्टुडिओवाल्यांची पंचाईत केली. १९३७ मधल्या त्यांच्या पहिल्या मोठ्या सिनेमात जंगलातली हरणं आहेत, ती नंतर त्यांनाच पिठाच्या पोत्यांसारखी वाटायला लागली, हाडं नसल्यासारखी. पुढे एक सिनेमा हरणाच्या पाडसावरचाच करायचा होता, तिथे हे चाललं नसतं. मूळ कादंबरी ऑस्ट्रियातली, त्यातलं हरीण युरोपातलं छोटं रो जातीचं, पण सिनेमात आलं अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं, आणि अभ्यासासाठी मेन राज्यातून दोन जिवंत पाडसं स्टुडिओत आणली गेली. ती तिथेच वाढली. एका इटालियन चित्रकाराला प्राण्यांची ॲनाटमी शिकवायला बोलावलं होतं, त्यानं तर मेलेलं पाडस मिळवून अनेक संध्याकाळी एकेक थर सोलत दाखवला. कातडी, मग स्नायू, मग हाडं. वास वाढत गेला तशी वर्गातली गर्दी कमी होत गेली म्हणतात. सिनेमा १९४२ मध्ये आला.

तर गोणीचा लवचिकपणा आणि सांगाड्याची शिस्त, या दोन्हींचं भांडण त्या वर्गात मिटलं की नुसतं झाकलं गेलं, यावर अजून दोन तट आहेत. एक म्हणतो आधी हाडं शिका, कुत्र्याच्या मागच्या पायाचा जो ‘उलटा गुडघा’ वाटतो ती खरं तर टाच आहे हे कळल्याशिवाय तुमचा शेप खोटाच येणार. दुसरा म्हणतो तीस सेकंदांत टाच कुठे शोधता, आधी उडी पकडा. मी दुसऱ्या तटातला, पण टाचेचा मुद्दा मान्य आहे, कारण ती जागा चुकली की शेप कितीही झोकदार असला तरी कुत्रा खुर्चीवर बसलेल्या माणसासारखा दिसतो.

‘जेश्चर’ हा शब्द मात्र तिथून आलेला नाही. त्याचं मूळ न्यूयॉर्कमध्ये. तिथल्या एका शिक्षकाचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४१ मध्ये छापलं गेलं, आणि त्यात मिनिटभराच्या किंवा त्याहूनही कमी वेळाच्या पोझ, हात न उचलता गिरगोट, वस्तू कशी दिसते ते सोडून ती काय करतेय ते काढा, हे सगळं आहे. पण त्याच्या जेश्चरमध्ये शेप जवळजवळ नाहीच, नुसता रेषांचा गुंता. त्यामुळे शुद्धतावादी मंडळी अजून म्हणतात की शेप धरून केलेलं ते जेश्चर नव्हेच, ते डिझाइन झालं. शब्दाच्या मालकीचा प्रश्न असेल तर त्यांचं खरं आहे. पण माणूस मॉडेल म्हणून एक मिनिट थांबतो, माकड थांबत नाही, आणि गिरगोट पूर्ण होईपर्यंत ते दुसऱ्या फांदीवर गेलेलं असतं. एक शेप तेवढा डोक्यात राहतो. मला वाटतं प्राण्यांपायीच शेपला जेश्चरमध्ये शिरकाव मिळाला. त्या स्टुडिओतले लोक पुढे शिकवायला लागले, पुस्तकं आली, आणि २००० नंतर सरळ-विरुद्ध-फुगीर हा नियम नावानिशी शिकवला जाऊ लागला, आधी माणसांसाठी आणि मग खास प्राण्यांसाठी.

याच्याही आधीच्या काळाचं थोडक्यात. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे लावून पळत्या घोड्याचे फोटो काढले गेले आणि चारही खूर हवेत असतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, हे दिसलं. तोवर चित्रकार घोडा काढायचे तो पुढचे पाय पुढे, मागचे मागे, असा तरंगणारा. लूव्रमध्ये १८२१ चं एप्सम डर्बीचं चित्र आहे त्यात सगळे घोडे असेच. फोटोंवरून खूप वाजलं. एका फ्रेंच शिल्पकारानं १९११ मध्ये सरळ सांगितलं की फोटोच खोटा आहे, कारण प्रत्यक्षात काळ थांबत नसतो. फोटो पॉज करून सराव करणाऱ्यांनी हे जरूर डोक्यात ठेवावं. आणि त्या जुन्या चित्रकारांची बाजू घ्यायची तर तसा पसरून हवेत जाणारा प्राणी असतो, फक्त तो घोडा नाही. चित्ता आणि ग्रेहाउंड गोळा होऊनही हवेत जातात आणि पसरूनही. म्हणजे घोड्याला कुत्र्याची धाव दिली गेली होती.

त्याआधीचं तर अजून विरळ. १८१२ मध्ये एका जपानी चित्रकारानं झटपट ड्रॉइंगचं पुस्तक काढलं, वर्तुळं आणि चौकोनांतून सगळं कसं बनतं ते दाखवणारं. तेराव्या शतकातल्या एका फ्रेंच वहीत माणसं आणि प्राणी त्रिकोण-चौकोनांवर बसवलेले आहेत. आपल्याकडे अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यातले हत्ती आहेत, ते बघताना वाटतं की ज्यानं काढले त्यानं हत्तीला चालताना तासन् तास पाहिलंय. वारलीत त्रिकोण असतात म्हणून ‘हे तर आपल्याकडे आधीपासूनच होतं’ असंही कोणीतरी हमखास म्हणतं. वारलीवर माझं प्रेम आहे, पण तिचा त्रिकोण ही खूण आहे, चिन्ह आहे, समोरचा बैल आत्ता कुठे झुकलाय ते सांगणं हे त्याचं काम नाही. दोघांना एकाच पोत्यात भरण्यात मतलब नाही.

आपल्याकडच्या शिक्षणात हे आलं उशिरा आणि आडवाटेनं. मुंबईतलं मोठं आर्ट स्कूल १८५७ चं, राणीची बाग १८६० च्या दशकातली, दोन्ही एकाच शहरात, आणि पिंजऱ्यासमोर वही घेऊन बसणारे विद्यार्थी तिथे पिढ्यान् पिढ्या दिसत आलेत. पण शाळेत आपल्या वाट्याला आल्या ग्रेड परीक्षा, म्हणजे वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, भूमिती आणि अक्षरलेखन. स्मरणचित्रात बैल यायचा तो पाठ केलेला बैल. आमच्या क्लासमध्ये एक ठरलेला बैल होता, डावीकडे तोंड करून उभा, आणि बाजाराचं चित्र असो की शेताचं, सगळ्या वर्गाचा बैल तोच. त्याला वशिंड होतं, पण त्यात वजन नव्हतं. उलट पोळ्याला मिळणारा मातीचा बैल बघा, कुंभार बोटानं एकदाच दाबतो आणि मानेपासून वशिंडापर्यंत असा झोक येतो की बस. तो सरळ आणि फुगीर बाजूंचा नियम न सांगता पाळतोय.

इथे ‘डायनॅमिक शेप’ हा शब्द पोचला तो ॲनिमेशन इन्स्टिट्यूट आणि मग व्हिडिओंमधून, गेल्या पंधरा-वीस वर्षांत. त्यामुळे मराठीत त्याला नाव पडलंच नाही. ‘गतिमान आकार’ म्हटलं की निबंध वाटतो, ‘हावभाव रेखाटन’ म्हटलं की नाटकाची तालीम. सगळे जेश्चर आणि शेपच म्हणतात, आणि ‘डायनॅमिक’ कोणत्या दुकानातलं ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं. राणीच्या बागेत २०१७ पासून लोकांना बघायला मिळणारे पेंग्विन आहेत, काचेपलीकडे, पाठ सरळ आणि पोट फुगीर. सरावाला याहून सोपा प्राणी नाही, फक्त रविवारी जाऊ नका, काचेसमोर उभं राहायलाच जागा मिळत नाही.