ब्रेकमध्ये जळणारी ऊर्जा आणि मिनिटाला ६४,५०० फेरे

दीड टनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असते, तेव्हा तिच्यात सुमारे २०८ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. सिग्नलला ब्रेक दाबला की ती सगळी डिस्क आणि पॅड तापवण्यात संपते. ती साठवायला बॅटरीच हवी असं नाही, वेगाने फिरत राहणारं चाक, म्हणजे फ्लायव्हीलही ती साठवू शकतं.

२००९ साली फॉर्म्युला वनमध्ये ऊर्जा परत मिळवणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे 'केर्स'ला, परवानगी मिळाली. मर्यादा होती ६० किलोवॉट आणि दर फेरीला ४०० किलोज्यूल. थोडक्यात, साडेसहा सेकंदांचा जादा जोर. शर्यतीत केर्स वापरणाऱ्या संघांनी बॅटरी निवडली. ब्रिटनच्या फ्लायब्रिड कंपनीने मात्र फ्लायव्हील बनवलं होतं. पोलादी गाभ्यावर कार्बन फायबर गुंडाळलेलं, जेमतेम पाच किलोंचं आणि मिनिटाला ६४,५०० फेरे घेणारं.

चाक एवढं हलकं कसं चालतं? ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट, त्यामुळे वजनापेक्षा वेग वाढवणं परवडतं. पण वीस सेंटिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला ६०,००० फेरे घेऊ लागलं की त्याची कड सेकंदाला ६२८ मीटर जाते, आवाजापेक्षा कितीतरी जोरात. हवेत ते घर्षणानेच तापेल, म्हणून ते निर्वात कवचात बसवतात. तिथे सील हवं, आणि निर्वातात उष्णता सहज बाहेर पडत नसल्याने बेअरिंगची काळजीही वाढते. चाक फुटलंच तर पोलादाचे मोठे तुकडे गोळीसारखे उडतात, तर कार्बनचा बराचसा भुगा होतो. तरीही कवच भक्कमच लागतं.

खरी डोकेदुखी चाकाची नाही, गियरची आहे. ब्रेक लावताना गाडी मंदावते आणि नेमकं तेव्हाच फ्लायव्हीलला वेग घ्यायचा असतो. म्हणजे दोघांमधलं गुणोत्तर क्षणोक्षणी बदलायला हवं. त्यासाठी सीव्हीटी, म्हणजे गुणोत्तर सलग बदलत नेणारा गियरबॉक्स वापरला. पुढे खर्च कमी करायला क्लच आणि ठरावीक गियरची जोडणी आली. पण त्यात क्लच घसरतो, आणि घसरतो तितकी ऊर्जा उष्णतेत जाते.

रस्त्यावरचा गाजलेला प्रयोग व्होल्वोचा. एस६० गाडीच्या मागच्या आसाला सहा किलोंचं चाक जोडून ८० अश्वशक्तीची भर मिळाली. तेवढ्याच ताकदीच्या सहा सिलिंडर टर्बो इंजिनाच्या तुलनेत २५ टक्क्यांपर्यंत इंधन वाचेल, असं कंपनीने सांगितलं. आकडा चांगला आहे, पण तुलना कशाशी आहे तेही पाहावं.

मग ही गाडी शोरूममध्ये का आली नाही? फ्लायव्हील काही मिनिटांतच मंदावू लागतं. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी काहीच उरत नाही. प्लगला लावून ते भरता येत नाही, एसी चालवत नाही. बॅटरी आणि मोटर ही सगळी कामं करतात, आणि त्यांची किंमत उतरत गेली. २०१२ला फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या ऑडी आर१८मध्येही फ्लायव्हील होतं, विजेवर फिरणारं. २०१६च्या गाडीत तिथे लिथियम-आयन बॅटरी आली.