दहापैकी सात जिंकले, तरी तोटा कसा?

"दहापैकी सात अंदाज बरोबर, म्हणजे ७० टक्के परतावा." ठाण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर क्रिकेटवरच्या सट्ट्याचा हा मेसेज दर हंगामात फिरतो. तो पटतो, कारण ७० हा आकडा खराच असतो. फक्त तो परताव्याचा नसतो.

परतावा म्हणजे निव्वळ नफा भागिले एकूण लावलेले पैसे. तलावपाळीच्या कट्ट्यावर शेजारच्या मुलाला मी हे वहीत मांडून दाखवलं. प्रत्येकी १०० रुपयांचे १० डाव, भाव १.४०. जिंकलेल्या डावाचे मुद्दलासकट १४० मिळतात. सात जिंकले, ९८० आले. लावले होते १०००. म्हणजे २० रुपये तोटा, परतावा उणे २ टक्के. त्याने बेरीज दोनदा केली आणि बराच वेळ वहीकडे बघत राहिला.

पडताळा कुणालाही करता येतो. १ ला भावाने भागा: १.४० ला ७१.४ टक्के, १.९० ला ५२.६. इतके डाव जिंकल्यावर कुठे बरोबरी होते. हरलेले डावही लिहायचे, बरं का. स्क्रीनशॉट जिंकलेल्यांचेच येतात. शिवाय महाराष्ट्रात क्रिकेटवरचा सट्टा बेकायदा आहे, हे त्या मेसेजमध्ये नसतं.