पाणी नितळ म्हणजे टाकी तयार?

समज असा: खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत दोन दिवस फिल्टर चालवला, पाणी काचेसारखं नितळ झालं, की मासे सोडायला हरकत नाही.

असं वाटणं साहजिक आहे, कारण गढूळपणा डोळ्यांना दिसतो. माशांना विषारी असलेला अमोनिया मात्र दिसत नाही. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून तो तयार होतो. एका गटाचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जीवाणू खडकांवर, वाळूत सावकाश वाढतात; बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. त्यात खाऱ्या टाकीचा पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचं माप) ८.१ ते ८.४, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी अंश जास्त. म्हणून इथे घाई अधिक महागात पडते.

पडताळणी घरीच होते. मासे नसलेल्या टाकीत अमोनियाचं द्रावण घालून पातळी २ पीपीएमवर (दहा लाख भागांत २ भाग) आणा. २४ तासांनी टेस्ट किटने मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट मात्र वाढलेलं, तर टाकी तयार. मधल्या काळात वाळूवर तपकिरी थर आला तर घाबरू नका. नव्या टाकीत तो बहुधा येतोच. टाकी तयार झाली, की आधी थोडं पाणी बदलून नायट्रेट उतरवा, मग एखाद-दोन मासेच सोडा.